ब्लेंडर म्हणजे खोडरबर नव्हे

अल्कोहोल मार्करच्या संचातले रंगहीन ब्लेंडर पेन अनेकांना खोडरबर वाटते. प्रत्यक्षात त्यात असतो फक्त द्रावक (रंग विरघळवणारा द्रव).

केशर कोमट दुधात घातले, की रंग दुधाबरोबर पसरतो. आणखी दूध ओतले, की तो फिका होतो. नाहीसा होत नाही. ब्लेंडरही तसेच काम करते: कागदावरचा रंजक (विरघळणारा रंग) पुन्हा ओला करून बाजूला सारते.

छटा जुळवायला बहुतेकदा ब्लेंडर लागतही नाही. एकाच रंगाच्या दोन जवळच्या छटा घ्याव्यात. आधी फिकी लावावी, मग गडद; ती ओली असतानाच सीमेवर पुन्हा फिकी फिरवावी. खाली एक कोरा कागद जरूर ठेवावा, कारण ही शाई आरपार उतरते.