अहिल्यादेवींच्या चित्रात फुलपाखरू कशाला?

भगिनींनो, गेल्या महिन्यात आपल्या स्टॉलवर एका गिऱ्हाईक ताईंनी अहिल्यादेवींची फ्रेम हातात घेतली. छापील चित्र, कडेनं आपल्या गटानं शिवलेली जर आणि देवींच्या खांद्याजवळ एक फुलपाखरू. "हे इथं कशाला?" त्यांनी विचारलं. "छान दिसतं म्हणून," एवढंच आपल्याला सांगता आलं. फ्रेम परत ठेवून त्या गेल्या. निमगावात आल्यावर आपल्याच एक मावशी म्हणाल्या, "विधवा बाई ती, पांढरं लुगडं. तिच्यापाशी असलं रंगीत पाखरू शोभतं का?" म्हणून हा विषय नीट बोलायला घेतला.

छापील चित्र सजवणं काही नवं नाही. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढं आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तिथल्या चित्रांतल्या देवींच्या साडीवर घरोघरी जर, मणी, टिकल्या शिवल्या जायच्या. आपण तेच करतोय. पण जर ही नुसती सजावट. फुलपाखरू काढलं की गिऱ्हाईक अर्थ विचारणारच.

अळी, कोष, मग पंख. बाईच्या चित्रात फुलपाखरू येतं ते बहुतेक याच अर्थानं, की घरात कोंडलेली बाई उडाली. मला विचाराल तर अहिल्यादेवींना हा अर्थ एवढ्यावर बसत नाही. त्या एका रात्रीत उडाल्या नाहीत. १७२५ चा चौंडीचा जन्म. लग्न होळकरांच्या घरात. हे आडनाव आपल्या नीरेकाठच्या होळ गावावरून आलेलं. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, तेव्हा वय २८. सासरे मल्हाररावांनी सती जाण्यापासून अडवलं आणि कामाला लावलं. वसुली, हिशेब, फौजेची वैरण, दारूगोळा. १७६५ मध्ये तर त्यांनी सुनेला पत्र लिहून तोफखान्यासह ग्वाल्हेरकडं जायला सांगितलं. १७६६ ला सासरे गेले, १७६७ ला मुलगा मालेराव गेला, आणि मग कारभार हाती आला तो १७९५ पर्यंत, २८ वर्षं. म्हणजे १७५४ ते १७६७ ही तेरा वर्षं कोषातली, आणि कोषात अळी झोपलेली नसते बरं का. बाहेरून काही दिसत नाही, आत सगळं शरीर नव्यानं घडत असतं. म्हणून चित्रात कोषही हवा.

आता फुलपाखरू कोणतं? छापणाऱ्यानं कुठलंही परदेशी नारिंगी पाखरू डकवलंय. २०१५ पासून आपल्या राज्याचं फुलपाखरू आहे राणी पाकोळी, काळ्या पंखांवर निळा पट्टा. नाव अगदी जुळतं, पण ती जास्त करून पावसाळी, झाडीच्या मुलखातली. आणि डाळिंबवाल्या बायांनो, तुमचंही एक आहे! फळ पोखरणारी अळी फुलपाखराचीच असते. ते चित्रात नको, घरचे हसतील.

मला पटतं ते लिंबावरचं फुलपाखरू. काळे पंख, त्यावर पिवळट ठिपके, मागच्या पंखावर एक लाल ठिपका. त्याची अळी लिंबाची पानं खाते, तशीच बेलाचीही. लहानपणी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते, मग फांदीला रेशमी धागा बांधून कोष करते. देवींच्या हातात पिंड असतेच, पिंडीवर बेल. त्या बेलाच्या डहाळीला कोष आणि वर हे फुलपाखरू काढलं, की चित्रातली एकही गोष्ट उपरी राहत नाही.

राहिला मावशींचा प्रश्न. रंग विधवेला शोभतो का, हे आपण कोण ठरवणार? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात बाकीच्या गावांनीही असं करावं म्हणून सरकारनं परिपत्रक काढलं. आपल्या गटातही कुंकू पुसलेल्या बाया आहेत. त्याच जर शिवतात, हिशेबही त्याच ठेवतात. मी मावशींना एवढंच म्हटलं, देवींचं लुगडं पांढरंच ठेवू, ते त्यांचं होतं. मावशी थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "ठिपके पिवळे घ्या, उठून दिसतील."

पुढची छपाई सांगण्याआधी परसातल्या लिंबाची पानं उलटून बघा. कोष सापडला तर फांदी तोडू नका. मोबाईलवर फोटो काढा आणि बैठकीला आणा, त्यावरूनच नक्षी काढू.