आपलें विद्यापीठ आणि परदेशचीं विद्यापीठें

अमुक विद्यापीठाचा परदेशांतील तमुक विद्यापीठाशीं करार झाला, अशी बातमी वर्तमानपत्रांत वारंवार वाचावयास मिळते. परंतु त्या कराराच्या सहीपूर्वीं काय घडतें व तिच्यानंतर काय घडलें पाहिजे, याचा उलगडा पुष्कळ विद्यार्थ्यांस व पालकांस झालेला नसतो. शाळा सोडून महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलांच्या हिताशीं या गोष्टीचा निकट संबंध असल्यामुळें तिचा येथें थोडक्यांत विचार करूं.

बुलढाणा जिल्हा ज्याच्या कक्षेंत येतो, तें अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजीं स्थापन झालें. तत्पूर्वीं हा प्रांत १९२३ सालीं निघालेल्या नागपूर विद्यापीठाकडे होता. आज संत गाडगेबाबांचें नांव धारण करणाऱ्या या विद्यापीठाकडे अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व बुलढाणा हे पांच जिल्हे आहेत. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांइतका त्याचा लौकिक दूरदेशीं पोंचलेला नाहीं. मग परक्यांनीं त्याच्याशीं सख्य कां जोडावें? एका हातानें टाळी वाजत नाहीं. ज्याच्यापाशीं देण्यासारखें कांहीं असतें, त्याच्याशींच बरोबरीचें नातें जडतें.

आपल्या जिल्ह्यापाशीं असें देणें आहे. लोणारचें विवर सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें असून तें काळ्या बेसाल्ट पाषाणांत पडलेलें आहे. १८२३ सालीं अलेक्झांडर नामक इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. तें ज्वालामुखीनें झालें कीं आकाशांतून कोसळलेल्या उल्केनें, हा वाद पुष्कळ वर्षें चालला. अखेर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातें व अमेरिकेंतील स्मिथ्सोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनीं तळाशीं खोल छिद्रें घेऊन खडकाचे नमुने तपासले आणि १९७३ सालीं उल्कापाताचा पुरावा जगापुढें मांडला. चंद्रावरील काळसर मैदानें व मंगळाचा बराच पृष्ठभाग याच जातीच्या खडकाचा असल्यामुळें, तेथील विवरें समजून घेऊं पाहणाऱ्यांना लोणारला यावें लागतें. पूर्वीं या विवराचें वय सुमारें ५० हजार वर्षें मानीत. परंतु २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या परदेशी शास्त्रज्ञांच्या मोजणीनें तें पांच लाख वर्षांहून अधिक ठरविलें. दगड आमचा, मोजणी त्यांची! ही मोजणी करणाऱ्यांत आपल्या जिल्ह्यांतील मुलेंमुली असावींत, यासाठींच विद्यापीठांचें सख्य हवें.

हें सख्य पायरीपायरीनें वाढतें. प्रथम एका विषयाचे दोन अध्यापक पत्रव्यवहार करतात आणि मिळून एखादा निबंध लिहितात. त्यानंतर सामंजस्य करार होतो. पण तो बहुधा केवळ सदिच्छेचा कागद असतो. खरें काम पुढील करारांत असतें. किती विद्यार्थी जातील व येतील, शुल्क कोण भरील, तेथील अभ्यासाचे गुणांक येथें कसे धरले जातील, नमुने व निष्कर्ष यांवर कोणाचा हक्क राहील, हें त्यांत स्पष्ट लिहावें लागतें. येणाऱ्यांस वसतिगृह व जाणाऱ्यांस प्रवासपरवान्याचें मार्गदर्शन पुरविणारी कचेरीही लागते. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानें अशा संबंधांकरितां प्रत्येक विद्यापीठांत स्वतंत्र मंडळाची तरतूद केली आहे. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, ही शुभवर्तमानांतील शिकवण येथेंही लागू पडते. हिशेबावांचून केलेले करार कपाटांतच राहतात.

पदवीसंबंधीं विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालीं नियम केले. त्यांत तीन प्रकार आहेत. पहिल्यांत विद्यार्थी अभ्यासाचा शेंकडा ३० पर्यंत भाग परदेशीं पुरा करतो व पदवी भारतीय संस्थाच देते. दुसऱ्यांत दोन्ही संस्था मिळून एकच पदवी देतात व प्रत्येकीकडे निदान शेंकडा ३० अभ्यास व्हावा लागतो. तिसऱ्यांत एकाच विषयाच्या दोन पदव्या दोन संस्थांकडून मिळतात. त्यांतही निदान शेंकडा ३० अभ्यास भारतीय संस्थेंत झाला पाहिजे. केवळ परदेशी नांव भाड्यानें घेऊन वर्ग चालविण्यास या नियमांनीं मनाई आहे.

पालकांनीं ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. झगमगीत जाहिरात पाहून शेत गहाण टाकण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: पदवी कोण देणार? करार कोणत्या विषयापुरता व कोणत्या मुदतीपर्यंत आहे? ती पदवी आपल्या देशांत मान्य आहे काय? उत्तरें मध्यस्थाच्या तोंडून नव्हे, तर विद्यापीठाच्या कचेरींतून लेखी घ्यावींत. चांगल्या संस्थेस या प्रश्नांचा राग येत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, परदेशीं जाण्याची तयारी पारपत्रानें सुरू होत नाहीं; ती शाळेच्या बांकावर सुरू होते. गणित पक्कें करा, इंग्रजी शुद्ध लिहा आणि आपल्या भोंवतालचे दगड, झाडें, पाणी व माणसें यांचें निरीक्षण करून त्याची वही ठेवा. जगाला लोणारविषयीं विचारावयाचें असेल, तेव्हां त्याला उत्तर देणारा मनुष्य बुलढाण्याचा असावा. अशीं माणसें तयार झालीं म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या सहीला परदेशींही किंमत येईल.