फुलांची निवड आणि मांडणी : थोड्या फुलांत मोठी शोभा

बारशापासून अंत्ययात्रेपर्यंत आपले कोणतेही कार्य फुलांवाचून पार पडत नाही. विहारातील वंदना असो, 14 एप्रिलची सभा असो, की एखाद्या विद्यार्थ्याचा सत्कार असो. फुलांची आठवण सर्वांना होते. मात्र ती बहुधा आदल्या दिवशी संध्याकाळी होते. मग धावपळ करून बाजारात मिळतील ती फुले, मिळेल त्या भावाने आणली जातात. व्यासपीठावर हारांचा ढीग पडतो, प्रतिमा त्याखाली झाकून जाते आणि दुपारच्या उन्हात तोच ढीग काळवंडतो. खर्च होतो, पण शोभा येत नाही.

आम्ही पेशाने बँकेतील लेखनिक. जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहण्याची सवय असल्याने हा व्यवहार आम्हास नेहमी खटकतो. संस्थेकडे येणारा पैसा थोडा आणि त्यावर हक्क सांगणारी कामे पुष्कळ. अशा वेळी थोड्या फुलांत, आपल्या परिसरातील फुलांत, सुंदर आणि वेगळी मांडणी कशी करता येईल, याचा विचार समाजबांधवांनी, विशेषतः विद्यार्थी मित्रमैत्रिणींनी करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

एका फुलाचे सामर्थ्य

जळगावहून साठएक किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष किंवा छायाचित्रात पाहिले असेल. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटक काळातील हे चित्र. भोवती कितीतरी आकृती दाटलेल्या आहेत. पण बोधिसत्त्वाच्या हाती फूल आहे ते एकच, निळे कमळ. तरीही पाहणाऱ्याची नजर त्या कमळाशी थबकते, कारण त्याच्याभोवती चित्रकाराने दुसऱ्या फुलांची गर्दी केलेली नाही. याच लेण्यांच्या छतांवर कमळे, वेली, फळे आणि पाने यांची चौकटीचौकटींनी मांडणी केलेली आहे. तीही निरखून पाहण्यासारखी आहे.

भगवान बुद्धांच्या मूर्तीपुढे फूल ठेवण्याच्या प्रथेतूनच जपानमध्ये पुष्परचनेची मोठी कला निर्माण झाली. बौद्ध धम्म सहाव्या शतकात जपानला पोहोचला. क्योतो शहरातील रोक्काकुदो या बौद्ध मंदिरातील भिक्षू मूर्तीपुढे फुले मांडीत. मंदिरापाशी एक तळे होते आणि भिक्षूंचे निवासस्थान त्याच्या काठी होते. ‘तळ्याकाठची कुटी’ या अर्थी त्यांच्या परंपरेस ‘इकेनोबो’ असे नाव पडले. या परंपरेतील सेंकेई या भिक्षूच्या पुष्परचना पाहण्यास 1462 साली क्योतोमधील रसिक लोटले होते, अशी नोंद त्या काळच्या एका रोजनिशीत आहे. आज ‘इकेबाना’ या नावाने ही कला जगभर शिकविली जाते. तिचे सार एका वाक्यात सांगायचे तर, फुलांइतकेच महत्त्व फांदीला, पानाला आणि मोकळ्या जागेलाही द्यावे.

श्रीलंकेतील विहारांत निराळी पद्धत दिसते. तेथे चाफ्याची किंवा कमळाची देठाविना फुले चौथऱ्यावर ओळीने मांडतात. हार नाही, दोरा नाही, तरी ती मांडणी नेटकी वाटते.

कार्यक्रमाची वेळ पाहून फूल निवडावे

फूल निवडताना आपण रंग पाहतो, भाव पाहतो. पण ते कोणत्या वेळी उमलते हे पाहत नाही. वास्तविक पहिला विचार तोच करावयास हवा. जास्वंद सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते. म्हणून ते सकाळच्या वंदनेस योग्य. रात्रीच्या सभेस निरुपयोगी. मात्र तेवढा दिवस ते पाण्याविनाही टवटवीत राहू शकते, हा त्याचा गुण. कमळ सकाळी उमलून दुपारनंतर मिटू लागते. बाजारातून आणलेली कमळाची कळी पुष्कळदा उमलतच नाही. तेव्हा तिच्या बाहेरील पाकळ्या एकेक करून हलक्या हाताने आत दुमडाव्या. थायलंडमध्ये ही रीत सर्रास आहे.

याउलट गुलबक्षी दुपारी चारच्या सुमारास उमलते. मोगऱ्याच्या कळ्या दुपारी आणल्या तर संध्याकाळी फुलून सुगंध देतात. वर्षावासात ज्या विहारांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते, त्यांनी अंगणात गुलबक्षी आणि सोनटक्का लावला तर बाजारात जाण्याची गरजच पडणार नाही. प्राजक्ताची फुले पहाटे आपोआप गळतात. ती वेचून पाण्याच्या पसरट ताटलीत सोडली की मांडणी पूर्ण झाली.

ऋतू आणि आपले दिवस

आपल्या वर्षभरातील कार्यक्रमांच्या तारखा ठरलेल्या आहेत आणि निसर्गाचेही वेळापत्रक ठरलेले आहे. दोन्हींची सांगड घालावी.

3 जानेवारीस, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीस, थंडी असते. शेवंती, ॲस्टर, ग्लॅडिओलस, निशिगंध ही फुले या दिवसांत उत्तम मिळतात आणि टिकतातही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. पळसाच्या निष्पर्ण फांदीवर केशरी फुले व त्यांचे काळसर मखमली निदलपुंज असे काही शोभतात की सोबत दुसरे काहीच नको. सावरीचे फूल जड असते. ते फांदीवर न ठेवता पाण्यावर तरंगत ठेवावे.

14 एप्रिलला गुलाब उन्हाने बारीक झालेला असतो आणि भाव मात्र चढलेला असतो. त्या दिवसांत मोगरा, पांढरा चाफा आणि बहावा यांच्याकडे वळावे. वैशाखात, बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास, जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या घरात जातो. अशा वेळी नाजूक फुले सकाळी मांडली तर दुपारपर्यंत मान टाकतात. चाफा मात्र पाण्याविनाही दिवस काढतो. बहाव्याचे पिवळे घोस उंच भांड्यातून खाली लोंबते सोडावे. त्यांच्या पाकळ्या लवकर गळतात. म्हणून खाली पाण्याचे पसरट ताट ठेवावे. गळलेल्या पाकळ्यांनी ते ताटही भरून शोभू लागते. गुलमोहराचे तुरे झाडावर मोहक दिसतात, पण तोडले की लवकर कोमेजतात. त्यांच्या वाटेस जाऊ नये.

31 जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या वास्तव्याच्या स्मृतीनिमित्त लोक जमतात. हे दिवस हिरवाईचे. गवताची पाती, केळीचे किंवा कर्दळीचे पान आणि एखादी लिली एवढ्यावर सुरेख मांडणी होते. 14 ऑक्टोबर आणि अशोक विजयादशमीस झेंडू हाताशी असतो. 6 डिसेंबरला पांढरी शेवंती आणि निशिगंध या दोहोंपलीकडे काही नसावे असे आमचे मत आहे. अभिवादनाच्या दिवशी रंगांची उधळण करण्यापेक्षा एकच शुभ्र रंग अधिक बोलतो.

शेतातील आगळीवेगळी सामग्री

‘वेगळी मांडणी’ म्हटली की विदेशी फुलेच हवीत असे नाही. ज्या वस्तू आपण रोज पाहतो पण सजावटीच्या दृष्टीने पाहत नाही, त्यांतच वेगळेपणा दडलेला असतो.

केळफूल हे त्याचे उत्तम उदाहरण. घडाला पुरेशा फण्या आल्या की शेतकरी टोकाचे केळफूल मोडून टाकतात. म्हणजे रावेर-यावलकडे या दिवसांत ते जवळजवळ फुकट मिळते. त्याचा गडद जांभळा रंग आणि निमुळता आकार कोणत्याही विकतच्या फुलाला मागे सारील. एक-दोन पाकळ्या हळूच उलगडून ते पसरट थाळीत उभे करावे. सुटलेली पाकळी होडीसारखी असते. तीत मोगरा ठेवावा. केळीच्या चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

दुसरी वस्तू पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर वाळलेल्या फांदीवर उघडी, रिकामी बोंडे राहतात. जवळून पाहिल्यास ती लाकडात कोरलेल्या फुलांसारखी दिसतात. अशा दोन-तीन फांद्यांना पाणी लागत नाही आणि त्या महिनोन् महिने टिकतात. समोर ताजी शेवंती दर आठ दिवसांनी बदलली की झाले. न उघडलेली, किडकी बोंडे मात्र काढून टाकावीत. त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. दादरचे कणीस, बाजरीचे कणीस, पिंपळाची फांदी यांचाही असाच उपयोग होतो. पिंपळाच्या पानाचा बोधिवृक्षाशी असलेला संबंध तर सांगावयास नको.

मांडणीचे माप

निवड झाल्यावर तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या : उंची देणारी फांदी, लक्ष वेधणारे मुख्य फूल आणि बुडाशी भरावासाठी पाने. जपानी पद्धतीत तीन मुख्य रेषा असतात. आकाश, मानव आणि धरती अशी त्यांची कल्पना करतात. त्यांचे माप सोपे आहे. भांड्याची रुंदी आणि उंची यांची बेरीज करून तिची दीडपट घ्यावी. ती पहिल्या फांदीची लांबी. दुसरी फांदी पहिलीच्या पाऊणपट आणि तिसरी दुसरीच्या पाऊणपट. समजा, थाळी 20 सेंटिमीटर रुंद व 5 सेंटिमीटर उंच आहे. बेरीज 25, म्हणून पहिली फांदी सुमारे 38, दुसरी 28 आणि तिसरी 21 सेंटिमीटर. पहिली जवळजवळ उभी, दुसरी तिरपी, तिसरी बरीच आडवी ठेवावी.

फांद्या उभ्या राहण्यासाठी पितळी खिळ्यांचा पिनहोल्डर मिळतो. एकदा घेतला की वर्षानुवर्षे चालतो. तो नसेल तर भांड्यात वाळू व खडे भरावेत. थर्माकोलच्या सजावटीवर 2018 साली राज्यात बंदी आली आहे, तेव्हा त्याचा विचार करू नये. रंग दोनच ठेवावेत, तिसरा हिरवा धरावा. फुले विषम संख्येने, तीन किंवा पाच, ठेवल्यास मांडणी साचेबंद वाटत नाही.

फुले टिकविण्यासाठी

फुले पहाटे किंवा सूर्यास्तानंतर तोडावीत. आणल्यावर देठाचे टोक पाण्यात बुडवून धारदार सुरीने तिरपे कापावे, म्हणजे देठात हवा शिरत नाही. पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावीत. ती कुजली की पाणी नासते. पाणी रोज बदलावे. नुसती साखर पाण्यात घातल्यास जंतू वाढतात. म्हणून घालायचीच तर सोबत लिंबाचे थोडे थेंब घालावेत.

आपल्या जिल्ह्यासाठी एक विशेष सूचना. पिकणाऱ्या केळ्यांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो आणि त्याने फुले लवकर कोमेजतात. कार्यक्रमात वाटावयाची केळी आणि फुलांच्या टोपल्या एकाच बंद खोलीत रात्रभर ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती सोडावी.

काय टाळावे

पावसाळ्यात रानात कळलावीचे ज्वालेसारखे फूल दिसते. ती वनस्पती दुर्मिळ होत चालली आहे व तिचा कंद अतिशय विषारी आहे. तिला हात लावू नये. कण्हेरही विषारी असल्याने लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. पाटणादेवी किंवा यावल येथील अभयारण्यांतून फूलच काय, पानही तोडू नये. ज्याच्या अंगणातील फूल असेल त्याला विचारूनच घ्यावे. न दिलेले घेऊ नये हे शील आपण वंदनेत म्हणतो, ते फुलांनाही लागू आहे.

प्लॅस्टिकच्या फुलांविषयी दोन शब्द. ती स्वस्त पडतात, धुऊन पुन्हा वापरता येतात, असा युक्तिवाद केला जातो. हिशेबाने तो खोटा नाही. परंतु पुष्पपूजेत आपण काय म्हणतो? हे फूल जसे कोमेजते, तसाच हा देह नाश पावणार आहे. जे फूल कोमेजणारच नाही, ते समोर ठेवून हे म्हणण्यात अर्थ उरत नाही. फूल सुकते म्हणूनच ते अर्पण करावयाचे.

एवढे करता येईल

प्रत्येक विहाराच्या आवारात एक चाफा, दोन मोगरे, जास्वंद आणि गुलबक्षी लावावी. विद्यार्थ्यांनी वहीत कोणते झाड कोणत्या महिन्यात, किती वाजता फुलते याची नोंद ठेवावी. दोन वर्षांत आपल्या गावापुरते उत्तम पंचांग तयार होईल. प्रमुख प्रतिमेपुढे एकच नीट मांडणी करावी आणि पाहुण्यांचे स्वागत हाराऐवजी एका फुलाने करावे. चैत्यभूमीवर हार-फुलांऐवजी वही-पेन आणण्याचे आवाहन गेल्या काही वर्षांत होत आहे व त्यास प्रतिसादही मिळत आहे. आपणही हारांच्या वाचलेल्या रकमेची पावती फाडून ती विद्यार्थी साहाय्य खाती जमा करावी, आणि वर्षअखेरीच्या सभेत त्या रकमेतून किती वह्या-पुस्तके आली ते सर्वांना वाचून दाखवावे.