मुक्त साधने, निर्धास्त काम : फाँटचा परवाना कोण वाचतो?

उस्मानाबादचे नाव २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव झाले, तेव्हा पाट्या, लेटरहेड, शिक्के, पावतीपुस्तके सगळे नव्याने करायची वेळ आली. असले काम शेवटी येते ते डीटीपीच्या दुकानात. तिथे डिझाइनसाठी कोरल हे सॉफ्टवेअर असते, आणि छोट्या दुकानांत ते बरेचदा क्रॅक केलेले असते. कॉपीराइट कायद्याचे ६३ब कलम याबाबतीत कडक आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही सॉफ्टवेअर वापरले, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

म्हणून कोरलला पर्याय अशी इंकस्केप आणि स्क्रायबस ही मुक्त साधने गेल्या आठवड्यात आपण पाहिली. दोन्ही जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहेत. त्यावर हमखास येणारी शंका अशी : जीपीएलच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली लग्नपत्रिका विकता येते का? खुशाल विका. जीपीएलच्या अटी लागू होतात त्या तो प्रोग्राम वाटताना किंवा बदलून पुढे देताना. त्यात तयार झालेले डिझाइन तुमचेच. अडचण असलीच तर तांत्रिक आहे : छपाईच्या सीएमवायके रंगांत इंकस्केप कमजोर आहे, छपाईची अंतिम फाइल स्क्रायबसमधून काढावी.

खरी गोम आहे ती फाँटमध्ये. सॉफ्टवेअर बदलून माणूस निश्चिंत होतो आणि फाँट मात्र जुन्या पेनड्राइव्हमधूनच उचलतो. फाँटची फाइल हेही सॉफ्टवेअरच, तिलाही परवाना असतो. इंटरनेटवर फुकट उतरवता येणाऱ्या कित्येक फाँटवर ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ अशी अट असते. दुकानाची पाटी हा वैयक्तिक वापर नव्हे.

परवाना खुला असला तरी तो कोणता, हे पाहावे लागते. जीपीएलखालचा फाँट पीडीएफमध्ये अंतर्भूत झाला, की अक्षरांच्या आकृत्या त्या फाइलचाच भाग होतात. मग जीपीएल त्या संपूर्ण दस्तऐवजालाही लागू होते का, हा प्रश्न उभा राहतो. तो मिटवण्यासाठी परवान्याला फाँटपुरते अपवादाचे कलम जोडतात. ते जोडले आहे का, एवढे तपासा. काहींनी परवानाच बदलला : रेड हॅटच्या लोहित फाँटांनी २०११ साली जीपीएल सोडून ओपन फाँट लायसन्स, म्हणजे ओएफएल, स्वीकारले.

डीटीपीवाल्यासाठी मला ओएफएल सर्वांत सोयीचे वाटते. त्यात दस्तऐवजांना स्पष्ट सूट आहे. पत्रिका, पाटी, पुस्तक यांवर कसलीही अट नाही, धंद्यासाठी वापरा. फाइल सोलापूरच्या प्रेसला पाठवताना सोबत फाँट दिला तरी चालतो, फक्त परवान्याची फाइल त्याच्याबरोबर गेली पाहिजे. विकतच्या फाँटबाबत ही देवाणघेवाण बहुधा निषिद्ध असते आणि आपल्याकडे ती सर्रास होते. ओएफएलमध्ये मनाई आहे ती नुसता फाँट विकायला. फाँटमध्ये बदल करून तो पुढे दिला, तर तोही ओएफएलखालीच द्यावा लागतो. मूळकर्त्याने नाव राखीव ठेवले असेल, तर बदललेल्या फाँटला दुसरे नाव द्यावे लागते.

आणि ही अक्षरे दर्जात कुठेही कमी नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बलू पाट्यांना उत्तम. पुस्तकाच्या मजकुरासाठी तिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. तिन्ही ओएफएलखाली. हे सारे युनिकोड आहेत, तेव्हा जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधला मजकूर आधी रूपांतरित करावा लागेल आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतील. या कामाला वेळ जातो, तो गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावा.

या आठवड्यात आपल्या संगणकातला फाँटचा फोल्डर उघडा. ज्या फाँटचा परवाना सापडत नाही, तो गिऱ्हाइकाच्या कामाला लावू नका.