जमिनीपासून दोन फूट: जायरोप्लेन 'हॉप' करत कसं शिकतात?

(आपल्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी गप्पा तशाच ठेवल्या आहेत.)

आजच्या भागाची सुरुवात एका व्हॉइस नोटने. मुलुंडच्या एका श्रोत्याने पाठवली आहे. तो म्हणतो, "दादा, मी रोज जायरोकॉप्टरचे व्हिडिओ बघतो. एक सीट, मागे छोटं इंजिन, डोक्यावर दोन पाती. लोक आधी रनवेवर छोट्या छोट्या उड्या मारतात आणि हळूहळू शिकतात. फ्रेम तर माझ्या मामाच्या वर्कशॉपमध्ये वेल्ड होईल. मग पहाटे एखाद्या मोकळ्या रस्त्यावर दोन-दोन फुटांच्या उड्या मारून मी स्वतःच शिकलो तर? दोन फुटांवरून पडून काय होणार?"

प्रश्न भारी आहे. थोडक्यात उत्तर 'नको रे बाबा' असं आहे. पण नुसतं 'नको' म्हटलं की कोणी ऐकत नाही, मीही ऐकलं नसतं. म्हणून ही उडी, म्हणजे 'हॉप', नेमकी काय असते आणि तिच्यात काय शिकायचं असतं, ते आज नीट बघू.

आधी यंत्र समजून घेऊ

जायरोप्लेन, जायरोकॉप्टर, ऑटोजायरो ही सगळी एकाच यंत्राची नावं. दिसायला ते हेलिकॉप्टरचं धाकटं भावंड वाटतं, पण काम वेगळ्या पद्धतीने करतं. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन वरची पाती फिरवतं. जायरोप्लेनमध्ये हवेत असताना वरच्या पात्यांना इंजिनाची ताकद मिळतच नाही. इंजिन फक्त पंखा फिरवून यंत्राला पुढे ढकलतं. वरचा रोटर थोडा मागे कललेला असतो, समोरची हवा खालून वर त्याच्यातून जाते आणि तो आपोआप फिरत राहतो. जत्रेतलं भिरभिरं हातात धरून पळालात की कसं फिरतं, तसंच.

आपल्याकडे रस्त्याकडेला महोगनीची झाडं असतात. त्यांचं पंखवालं बी गरगर फिरत, सावकाश खाली येतं. त्याला कुठलं इंजिन? पडता पडता लागणारी हवाच त्याला फिरवते, आणि ते फिरणंच त्याचं पडणं मंद करतं. म्हणूनच जायरोप्लेनचं इंजिन हवेत बंद पडलं तरी ते दगडासारखं कोसळत नाही. रोटर फिरत राहतो आणि यंत्र उतरत जातं. उतरायला जागा हवी आणि चालवणाऱ्याला उतरवता यायला हवं, एवढ्या दोन अटी.

ही कल्पना स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांची. १९१९ मध्ये त्यांचं एक मोठं विमान वेग कमी झाल्यामुळे कोसळलं. वेग कमी झाला तरी पडणार नाही असं काहीतरी बनवायचं, हे त्यांनी मनावर घेतलं. पहिले प्रयत्न फसले, यंत्रं एका कुशीवर कलंडायची. शेवटी जानेवारी १९२३ मध्ये त्यांचं सी-४ हे ऑटोजायरो नीट उडालं. आधीची यंत्रं का कलंडायची, याच्या उत्तरातच आपला पहिला धडा आहे.

पहिला धडा जमिनीवरच

समजा, यंत्र धावपट्टीवर पुढे पळतंय. वर दोन पाती फिरताहेत. एका बाजूचं पातं पुढे येतंय, म्हणजे त्याला स्वतःचा वेग अधिक समोरचा वारा, असं दुहेरी मिळतं. दुसऱ्या बाजूचं पातं मागे जातंय, त्याच्या वेगातून वारा वजा होतो. म्हणजे एका बाजूला उचल जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. सिएर्वांनी पात्यांना बिजागरी दिली. जास्त उचल मिळालेलं पातं थोडं वर जातं, कमी मिळालेलं थोडं खाली येतं, आणि हिशेब बरोबर होतो. आजच्या दोन पात्यांच्या रोटरमध्ये ही बिजागरी मध्यभागी असते. बागेतला सी-सॉ आठवा.

आता गडबड कुठे होते? रोटर अजून हळू फिरतोय आणि आपण उत्साहात थ्रॉटल दिला. यंत्राचा वेग वाढला, पण पात्यांचा वेग त्या मानाने कमीच आहे. मागे जाणाऱ्या पात्याला हवा इतकी कमी मिळते की त्याची उचल संपते. ते धाडकन खाली येतं, समोरचं वर जातं, आणि सी-सॉ दोन्हीकडे आपटायला लागतो. पातं शेपटीवर, मागच्या पंख्यावर किंवा थेट जमिनीवर आदळू शकतं. याला 'ब्लेड फ्लॅप' म्हणतात.

आपल्या मित्राने 'दोन फुटांवरून पडून काय होणार' असं विचारलं होतं. हे सगळं शून्य फुटांवर घडतं! चाकं जमिनीवर असताना.

म्हणून शिकणारा आधी रोटर सांभाळायला शिकतो. जुन्या साध्या यंत्रांत पाती हाताने ढकलून फिरवायला सुरुवात करतात, नव्या यंत्रांत इंजिनाकडून तात्पुरती ताकद घेऊन जमिनीवरच रोटरला गती देण्याची सोय असते. मग स्टिक मागे धरून, सावकाश पुढे जात, वाऱ्याला रोटर फिरवू द्यायचा. घाई करायची नाही. उडताना रोटर साधारण मिनिटाला तीनशे ते चारशे फेरे घेतो. तिथपर्यंत त्याला आणणं हे पहिलं कौशल्य.

त्यानंतर येतो तोल. वेग वाढला की पुढचं चाक उचलतं आणि यंत्र मागच्या दोन चाकांवर पळायला लागतं. आता नाक ना वर जाऊ द्यायचं ना खाली, पायांनी रडर सांभाळत सरळ रेषेत जायचं. सायकल शिकताना पहिल्यांदा पेडलवरून पाय न काढता दहा मीटर गेलो होतो ना, तो क्षण आठवा. हे पुन्हा पुन्हा करायचं. हॉप याच्यानंतर.

दहा सेकंदांचा हिशेब

मागच्या दोन चाकांवर तोल धरलेला असताना किंचित जास्त ताकद दिली की यंत्र जमीन सोडतं. एक फूट, दोन फूट. तिथेच धरायचं. काही सेकंदांनी थ्रॉटल हळूच कमी करायचा, यंत्र खाली बसायला लागलं की स्टिक नाजूकपणे मागे घेऊन मागची चाकं आधी टेकवायची. झाला हॉप.

बघा हं, यात उडणं किती आणि उतरणं किती! हॉपमध्ये खरं तर उतरायला शिकायचं असतं. थ्रॉटल एकदम बंद केला तर नाक एका बाजूला वळतं, कारण इंजिनाच्या ताकदीमुळे आपण पायाने दिलेला रडर आता जास्त ठरतो. चाकं तिरकी टेकली तर यंत्र उलटू शकतं. टेकल्यावरही काम संपत नाही, डोक्यावर रोटर अजून जोरात फिरत असतो आणि वाऱ्याचा एक झोत त्याला पकडू शकतो. रोटर थांबेपर्यंत उड्डाण चालूच आहे, असं समजायचं.

आता जागेचा हिशेब करू. वेग ताशी ७० किलोमीटर धरला तर सेकंदाला साधारण १९ मीटर होतात. दहा सेकंदांचा हॉप म्हणजे १९० मीटरच्या आसपास. आपली बारा डब्यांची लोकल प्लॅटफॉर्मवर उभी असते ना, तिच्यापेक्षा कमी. हे झालं फक्त हवेतलं अंतर. त्याच्या आधी रोटरला गती द्यायला जागा, धावायला जागा, नंतर थांबायला जागा, आणि चूक झाली तर सावरायला वेगळी जागा. विजेचा खांब नाही, स्पीडब्रेकर नाही, मॉर्निंग वॉकला आलेले काका नाहीत, कुत्रं नाही. असा रस्ता मुलुंडमध्ये सापडला तर मलाही कळवा!

दोन फूट चालतील, वीस फूट नाही

सगळ्यात मोठा धोका पुढे आहे. तो हॉप फसल्यावर येत नाही, हॉप छान जमल्यावर येतो.

दहा हॉप मस्त झाले. अकराव्याला समोरून वारा आला, यंत्र अलगद पंधरा-वीस फूट चढलं. आपल्याला वाटतं, 'अरे, जमतंय की!' पण वेग कमी आहे. जायरोप्लेनमध्ये एका ठरावीक वेगाच्या खाली गंमत उलटी होते: जितकं हळू जाल तितकी जास्त ताकद लागते. नवखा माणूस उंची टिकवायला स्टिक मागे ओढतो. वेग आणखी कमी होतो. आता पूर्ण थ्रॉटल देऊनही यंत्र खाली बसत जातं. सावरायचा उपाय एकच, नाक खाली करून वेग घेणं. पण त्याला उंची लागते आणि वीस फुटांत ती नसते. दोन फुटांवर हीच चूक झाली तर एक दणका बसतो आणि धडा मिळतो. वीस फुटांवर यंत्र मोडतं, माणूसही.

घाबरून स्टिक झटकन पुढे ढकलणं त्याहून वाईट. त्याने रोटरवरचा भार निघून जातो, रोटर मंदावतो आणि मागचा पंखा यंत्राला पुढच्या पुढे उलथवू शकतो. स्टिक पुढे-मागे, पुढे-मागे करत झोका वाढवत नेणं ही नवख्यांची नेहमीची चूक. विमान चालवायची सवय असलेले वैमानिकही यात फसले आहेत.

म्हणून शिस्त अशी: किती उंच जायचं आणि कुठे उतरायचं हे निघण्याआधी ठरवायचं. धावपट्टीच्या कडेला खूण ठेवायची. खूण आली की थ्रॉटल कमी, मग हॉप कितीही सुंदर चालला असला तरी.

ही पद्धत आली कुठून?

१९५५ च्या सुमारास अमेरिकेत इगोर बेन्सन यांनी घरी बांधता येईल असा छोटा जायरोकॉप्टर आणला. नकाशे मागवा, नळ्या जोडा, उडा. अडचण ही की सीट एकच. शिक्षक बसणार कुठे? मग लोक आधी बिनइंजिनाचं यंत्र गाडीमागे दोरीने ओढून सराव करायचे आणि नंतर इंजिन लावून हॉप करायचे. म्हणजे हॉप ही शिक्षकाची सीट नसल्यामुळे काढलेली वाट होती. त्या वाटेवर बरेच जण शिकले, आणि बरेच जण जिवाला मुकले. आज दोन सीटची यंत्रं आहेत, दोघांपुढे स्टिक असते. चूक झाली की शेजारचा हात सावरतो.

आणि आपल्याकडे?

उडायला शिकायचं वेड मुंबईच्या उपनगरांना नवीन नाही. जुहूचा विमानतळ १९२८ पासूनचा. जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला १० फेब्रुवारी १९२९ ला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे याच जुहूला उतरले. पण तेव्हा आजूबाजूला मोकळं रान होतं. आज अंधेरीच्या डोक्यावरून मोठी विमानं जातात आणि घाटकोपरच्या गच्चीवरून त्यांची चाकं दिसतात. २८ जून २०१८ ला जुहूहून चाचणीसाठी निघालेलं एक छोटं विमान घाटकोपरमध्ये कोसळलं. विमानातले चौघं गेले आणि खालून चाललेला एक पादचारीही. चाचणीची जोखीम फक्त चालवणाऱ्याची नसते, ती खालच्या माणसाचीही असते.

आता कांदिवलीकडे या. चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा सीटचं विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ते बीकेसीच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं होतं, तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल. यादव स्वतः व्यावसायिक वैमानिक. तरी त्यांनी ते चारकोपच्या रस्त्यावर पळवून पाहिलं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएकडे नोंदणी झाली, मग परवानगीची वाट, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर ते हवेत उठलं. गच्चीवरून आकाशात जायला मध्ये एवढी वर्षं आणि एवढा रस्ता लागला.

दुसरी बाजूही सांगतो. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातला एक तरुण कारागीर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत होता. पातं तुटलं आणि तो गेला. यंत्र जमिनीवरच होतं. त्याच्या हातात कला होती, जिद्द होती. शेजारी 'थांब, हे आधी तपासू' म्हणणारं जाणकार माणूस असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तर मुलुंडच्या मित्रा...

मामाच्या वर्कशॉपमध्ये जरूर जा. वेल्डिंग शिक, नट-बोल्ट का सैल होतात ते शिक, नकाशे वाच. पण पहिलं उड्डाण दोन सीटच्या यंत्रात, परवानाधारक शिक्षकाच्या शेजारी बसून कर. जायरोप्लेन मिळालं नाही तर फ्लाइंग क्लबमधल्या साध्या विमानापासून सुरुवात कर. नोंदणी आणि परवान्याचे डीजीसीएचे नियम कंटाळवाणे वाटतील, तरी वाच. मग कधीतरी, मोठ्या मोकळ्या धावपट्टीवर, शिक्षक कडेला उभे असताना, तू एकटा दोन फूट उचलला जाशील आणि खूण आली की मुकाट्याने खाली येशील. त्या दिवशी मला व्हॉइस नोट पाठव. तो भाग आपण तुझ्याच आवाजाने सुरू करू.

मंडळी, तुमचे प्रश्न पाठवत राहा. आणि हा भाग त्या एका मित्राला नक्की फॉरवर्ड करा, जो 'व्हिडिओ बघून सगळं जमतं' म्हणतो. भेटू पुढच्या भागात!