आठवे यंत्र

१ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी साडेनऊला न्यूयॉर्कचा शेअरबाजार उघडला आणि नाइट कॅपिटल या बड्या दलाली पेढीच्या संगणकांतून कोणीही न सांगितलेले सौदे सुटू लागले. ग्राहकांच्या अवघ्या २१२ मागण्या पुऱ्या करायच्या होत्या. पाऊण तासात चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले. अंगावर पडलेला हा व्यवहार निस्तरताना पेढीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा सोसावा लागला.

त्या दिवशी बाजारात किरकोळ गुंतवणूकदारांसाठी नवी योजना सुरू होत होती. तिच्यासाठीचा नवा प्रोग्राम आठ यंत्रांवर चढवायचा होता. सातांवर तो चढला, आठवे राहून गेले, आणि दुसऱ्या कोणी ते पडताळले नाही. त्या यंत्रात ‘पॉवर पेग’ नावाचा, २००३ पासून वापरात नसलेला भाग तसाच पडून होता. मागणी पुरी झाली की ‘आता पुरे’ असे सांगणारी मोजणी २००५ मध्ये प्रोग्राममध्ये दुसरीकडे हलवण्यात आली. बंद पडलेल्या गोष्टीची कशाला तपासणी, असे वाटले असेल; पॉवर पेगची चाचणी काही पुन्हा झाली नाही. नव्या प्रोग्रामसाठी निवडलेली खूण मात्र नेमकी पॉवर पेगला जागे करणारी जुनी खूण होती. बंद खात्याची चोपडी कपाटात तशीच ठेवून तिचाच क्रमांक नव्या खात्याला द्यावा, तसा हा प्रकार.

मोठ्या प्रणालीची चाचणी आखणाऱ्यांचा पेच येथे दिसतो. चालू किंवा बंद अशी केवळ तीस बटणे असली, तरी त्यांच्या मांडण्या १०७ कोटींवर जातात. त्या साऱ्या तपासणे कोणालाही शक्य नाही. म्हणून परीक्षक जोड्या धरतात. कोणत्याही दोन बटणांच्या चारही अवस्था एकदा तरी एकत्र याव्यात, एवढेच पाहिले तर तीस बटणांना दहापेक्षा कमी चाचण्या पुरतात. बरेचसे बिघाड एका-दोन गोष्टींच्या संयोगातूनच उद्भवत असल्याने ही काटकसर अंगलट येत नाही. नाइटचा घातही एका जोडीतच दडला होता: नवी खूण आणि जुना प्रोग्राम. परंतु जोडी तपासायची, तर तिच्या दोन्ही बाजू आधी यादीत हव्यात. ‘एखाद्या यंत्रावर जुनेच राहून गेले तर?’ हा प्रश्न गणित सुचवत नाही.

बाजार उघडण्यापूर्वीच पॉवर पेगचा उल्लेख असलेले ९७ ईमेल पेढीतील लोकांना आपोआप गेले होते. धोक्याची सूचना म्हणून ते पाठवले जात नसत. त्यामुळे त्यांकडे कोणी लक्ष दिले नाही. सौदे थांबेनात, तेव्हा गोंधळलेल्या तंत्रज्ञांनी नवा प्रोग्रामच दोषी मानला आणि ज्या सात यंत्रांवर तो चोख चालला होता, तेथून तो काढून टाकला. मग त्या सातांतही पॉवर पेग जागा झाला. पुढील वर्षी ही पेढी गेटको या कंपनीत विलीन झाली.