प्राण्यांतले विषाणू : नवापूरचा बर्ड फ्लू

भारतात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सिद्ध झाला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, १८ फेब्रुवारी २००६ रोजी. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर, गुजरातला खेटून हे गाव वसले आहे. त्याच्या रेल्वे स्थानकाचा काही भाग तर गुजरातेतच येतो. इथली लेअर, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांची शेड एकमेकांच्या जवळ आहेत. एका शेडमध्ये हजारो कोंबड्या एकत्र राहतात, आणि खाद्याची पोती, अंड्यांचे ट्रे, माणसे व वाहने एका शेडमधून दुसऱ्यात जात-येत असतात. कोंबडीची विष्ठा एखाद्या ट्रेला किंवा चपलेला लागली तरी विषाणूला पुढची वाट मिळते.

फ्लूच्या विषाणूंचा मूळ वावर रानबदकांसारख्या पाणपक्ष्यांत असतो. त्यांच्या आतड्यात सौम्य प्रकार फारसा त्रास न देता राहतात. नवापुरात आलेला एच५एन१ हा प्रकार वेगळा ठरतो तो एका बारीक बदलामुळे. विषाणूच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन कापले गेल्याखेरीज तो नव्या पेशीत शिरू शकत नाही. सौम्य प्रकारात हे काम करणारी विकरे प्रामुख्याने श्वसनमार्गात आणि आतड्यात असतात, त्यामुळे संसर्ग तिथेच आटोपतो. एच५एन१मध्ये कापाच्या जागेची रचना अशी झाली आहे की शरीरातल्या जवळजवळ सर्व अवयवांतली विकरे ते प्रथिन कापू शकतात. मग मेंदू, हृदय, यकृत, स्वादुपिंड सगळेच सापडतात. तुरा आणि कल्ले निळे पडतात, डोके सुजते, पायांवर रक्ताचे डाग उमटतात, अंडी एकदम घटतात. पुष्कळ कोंबड्या तर कोणतेही लक्षण दिसण्याआधीच मरतात. दोन-चार दिवसांत अख्खे शेड रिकामे होऊ शकते.

नवापुरात मरतुक जानेवारीच्या अखेरीस सुरू झाली. पहिला संशय राणीखेतवर, म्हणजे मानमोडीवर गेला, आणि तो अगदी स्वाभाविक होता. तो आजार कोंबडीपालकांच्या नेहमीच्या ओळखीचा, त्याची लस असते, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक सांगणे पशुवैद्यकालाही अवघड जाते. खात्री भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत झाली. निदान होईपर्यंत गेलेले आठवडे विषाणूच्या पथ्यावर पडले. त्याचा दोष कोंबडीपालकांवर टाकणे अन्यायाचे आहे. देशात त्यापूर्वी हा रोग कोणी पाहिलाच नव्हता.

त्यानंतर बाधित शेडभोवतीच्या पट्ट्यातल्या लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या, अंडी आणि खाद्य नष्ट केले गेले. शेजारच्या उच्छल तालुक्यातही रोग आढळला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत परसातल्या कोंबड्यांना त्याने गाठले, मग मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर भागाला. त्या वर्षीच्या भारतीय विषाणूंचे जवळचे नाते चीनमधल्या छिंगहाई सरोवराकाठी २००५ साली हजारो रानपक्षी मारणाऱ्या विषाणूशी निघाले. तिथे मेलेल्यांत मोठा वाटा पट्टकादंब हंसांचा होता, आणि हे हंस हिवाळ्यात भारतातही येतात. मात्र नवापुरात विषाणू हंसांनीच आणला, असे यावरून ठरत नाही.

कोंबड्या मारण्याचा उपाय क्रूर आहे, पण तो लागू पडतो, कारण हा विषाणू यजमानाच्या जनुकांत घर करत नाही. बाधित पक्षी संपले, शेड निर्जंतुक झाले, की साखळी तुटते. ऑस्ट्रेलियातल्या कोआलांचा रेट्रोव्हायरस नेमका याच्या उलट वागतो. तो आपली प्रत यजमानाच्या डीएनएमध्ये चिकटवतो. ती अंडपेशी आणि शुक्रपेशींतही शिरून पिल्लांकडे वारशाने जाऊ लागली आहे, हे २००६ सालीच ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. क्वीन्सलंडमधल्या जवळपास प्रत्येक कोआलात तो आहे. दक्षिणेकडे त्याचे प्रमाण कमी होत जाते. रक्ताचा आणि लसिकाग्रंथींचा कर्करोग त्याच्याशी जोडला जातो, आणि डोळे व प्रजननसंस्था नासवणारा क्लॅमिडियाही. तिथे बाधित प्राणी मारायचे ठरवले, तर उत्तरेत कोआलाच उरणार नाहीत.

माणसाला बर्ड फ्लू सहजी होत नाही. हा विषाणू ज्या प्रकारच्या रेणूला चिकटतो, तो माणसाच्या फुप्फुसांत खोलवर जास्त असतो, नाकाघशात कमी. पण झाला तर तो जिवावर बेतू शकतो: १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ जणांना लागण झाली आणि ६ जण दगावले. नवापुरात कोंबड्या हाताळणाऱ्यांवर लक्ष ठेवले गेले, संशयितांचे नमुने तपासले गेले; एकालाही लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. नीट शिजलेल्या अंड्या-मांसात विषाणू टिकत नाही, तरीही त्या काळात चिकनची विक्री राज्यभर कोसळली आणि जिथे रोग पोहोचलाही नव्हता, तिथले कोंबडीपालकही बुडाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला आणि पुन्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या.